रद्दीवाल्याच्या काट्यातलं समचलन

रद्दीवाला दारात आला की आई गठ्ठा बाहेर काढण्याआधी त्याचा काटा बघायची. हुकाला काही न अडकवता काटा उचलायला लावायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "आधी शून्यावर आण." खरं वजन आणि काट्यावरचा आकडा यांचा आलेख काढला, तर त्याची रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे (0, 0) मधून जाते की नाही, हेच ती तपासत होती. तिला तसं सांगितलं असतं तर तिने मला रद्दीबरोबर तोलून दिलं असतं!

त्या काट्यात एक स्प्रिंग असते. समजा 1 किलोला ती 6 मिलीमीटर लांबते. मग 5 किलोला 30, 10 किलोला 60. लांबीतली वाढ भागिले वजन, कुठेही करून बघा, उत्तर 6. हे समचलन, आणि 6 हा चलनाचा स्थिरांक. पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात त्या यामुळेच. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हा नियम आधी उघड सांगितलाच नाही. श्रेय दुसऱ्याने लाटू नये म्हणून 1676 मध्ये त्याने एका लॅटिन वाक्याची अक्षरं वर्णक्रमाने लावून नुसतं कोडं छापलं. उत्तर दिलं 1678 मध्ये: जेवढी वाढ, तेवढा जोर.

शाळेत आठवीला चलनाचा स्थिरांक भेटतो, दहावीला रेषेचा चढ. दोघं एकच आहेत, हे मला तरी कुणी सांगितलं नाही. चढ काढताना रेषेवरचे दोन बिंदू घेऊन उभा फरक भागिले आडवा फरक करतात. इथे 60 वजा 30 भागिले 10 वजा 5, म्हणजे 6. आता दोनांपैकी एक बिंदू म्हणून आरंभबिंदूच घ्या. वजाबाकीत शून्य आलं, उरलं 30 भागिले 5. म्हणजे सरळ भागाकार. समचलनात चढ आणि स्थिरांक जुळतात ते या शून्याच्या कृपेने.

शून्य हललं की काय होतं? रिकाम्या हुकाला काटा 200 ग्रॅम मागे असेल, तर 5 किलो रद्दी 4.8 दिसेल आणि 10 किलो 9.8. दिसलेलं वजन भागिले खरं वजन एकदा 0.96, एकदा 0.98. स्थिरांक उरलाच नाही, समचलन मोडलं. पण चढ बघा: 5 भागिले 5, बरोबर 1. रेषा तितकीच तिरपी, फक्त खाली सरकलेली. (दरवेळी लबाडीच असते असं नाही. फार वजन टांगून स्प्रिंग कायमची सैल पडली तर काटा शून्याच्या पुढेच राहतो, आणि मग बिचाऱ्या रद्दीवाल्याचंच नुकसान.)

दुसरा प्रकार जास्त बेरकी. स्प्रिंगच कडक बसवायची, किलोला 6 ऐवजी 5.4 मिलीमीटर लांबणारी. आता 5 किलो 4.5 दिसतात, 10 किलो 9. समचलन शाबूत, रेषा आरंभबिंदूतूनच जाते, चढ मात्र 0.9. रिकामा काटा अगदी शून्यावर! आईची तपासणी इथे फसते. या काट्याला पकडायचं तर घरातली न फोडलेली 5 किलो आट्याची पिशवी आणून हुकाला अडकवावी लागते.