काळ्या मशीनीतला लाल पारा

‘जुन्या काळ्या सिंगर शिलाई मशीनीत लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो, लाखोंना जाते. विका, त्यात चार नव्या येतील!’ अशी अफवा फिरते. इंदूरला रामबागेत आमच्याकडे एक शेजारी ती पडताळायला चक्क मोबाइल घेऊन आले. पारा असेल तर सुईपाशी धरला की फोन बंद पडतो म्हणे. पडला नाही.

हीच अफवा २००९ साली सौदी अरेबियात उसळली होती. तिथे मशीनीला २ लाख रियालपर्यंत भाव सांगत होते. पारा कशातच नव्हता. सुई पोलादाची, अंग बिडाचं, बस्स.

विकायची की ठेवायची, हे टाक्यावरून ठरवा. टाका सुटतो म्हणून मशीन म्हातारी होत नाही. आधी सुई बदला. आमच्या मशीनीत कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली करड्या रुईचा थर नमद्यासारखा घट्ट बसला होता, तो दाभणाने उकरला. वर सासूबाईंनी वर्षानुवर्षं घातलेलं खोबरेल! ते थंडीत गोठतं, पुढे चिकट होतं. मशीनचंच तेल घातलं आणि चाक एका बोटाने फिरलं.

टी-शर्ट, लेगिंग शिवायचे असतील तर मात्र नवी घ्या. ताणलं की साधी सरळ शिवण तुटते, तिथे झिगझॅगसारखा ताण सोसणारा नागमोडी टाका लागतो, आणि जुनी काळी मशीन सहसा सरळच शिवते.