पकड सैल होते, तेव्हाच ती घट्ट वाटते

मायामीत शनिवारची रात्र होती, आपल्याकडे १० मार्च २०२४ ची रविवार सकाळ. एमएमए म्हणजे मुष्टियुद्ध, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणारा मिश्र लढतींचा खेळ, आणि यूएफसी ही त्याच्या लढती भरवणारी मोठी संस्था. तिच्या यूएफसी २९९ या कार्यक्रमात अमेरिकेचा डस्टिन पॉरिए आणि फ्रान्सचा बेन्वा सँ-दनी समोरासमोर होते. पॉरिएचे हात म्हणजे एमएमएमधल्या उत्तम बॉक्सिंगचा नमुना. उभ्याने लढला असता तर पारडं त्याच्याच बाजूला झुकलं असतं. पण सँ-दनी पट काढायला वाकला, की हा त्याची मान बगलेत धरायचा, गळ्याखालून हात घालायचा आणि आपणहून पाठीवर पडायचा. या डावाला गिलोटिन म्हणतात, हा चोकचा म्हणजे गळा आवळण्याचा एक प्रकार. दर वेळी मान सुटायची. मग हा खाली आणि तो वर, म्हणजे जिथे सँ-दनीला जायचं होतं तिथे पॉरिएनेच त्याला नेऊन बसवलेलं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तरी पुन्हा तेच.

पॉरिएकडे ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या युद्धकलेचा ब्लॅक बेल्ट आहे, त्यामुळे डाव येत नव्हता असं म्हणता येणार नाही. आणि तरीही यूएफसीच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याने गिलोटिनने एकही लढत जिंकली नाही. मग माणूस तोच डाव पुन्हा पुन्हा का टाकतो? ‘हट्टी आहे’, ‘डोकं वापरत नाही’ ही उत्तरं बऱ्याच जणांनी दिली. मला ती पटत नाहीत. पॉरिएच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, पण एवढं नक्की सांगता येतं की मान धरलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं शरीर चुकीची बातमी देत असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. चोक म्हणजे श्वास कोंडणं, असं जवळजवळ सगळे समजतात. नीट बसलेल्या चोकचा श्वासाशी फारसा संबंध नसतो. श्वास रोखून तुम्ही-आम्ही अर्धा-एक मिनिट सहज बसू शकतो, आणि चोकमध्ये माणूस दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपतो. कारण दाबली जाते ती श्वासनलिका नाही, तिच्या दोन्ही अंगांनी वर जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो आणि साठा मात्र जवळपास काहीच ठेवत नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या रक्ताचा मोठा भाग या दोन धमन्यांतून जातो. उरलेलं मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या दोन धमन्या पोचवतात, आणि तेवढ्यावर भागत नाही. १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांच्या मानेभोवती फुगवता येणारा पट्टा बांधून मेंदूचं रक्त थोडा वेळ थांबवलं होतं. पाच ते दहा सेकंदांत माणसं बेशुद्ध झाली. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि घरी, शाळेत, वसतिगृहात गंमत म्हणूनही कुणी हे करू नये. धमनीचं आतलं अस्तर फाटून तरुण माणसाला पक्षाघात होऊ शकतो.

इथे दुसरा भ्रमही निकालात काढायला हवा. मर्मबिंदूला बोट लावून किंवा नुसत्या ‘ऊर्जेने’ माणूस आडवा करण्याचे दावे आपल्याकडेही होतात, बाहेरही होतात. एप्रिल २०१७ मध्ये चीनच्या चेंगदू शहरात शू श्याओदोंग या एमएमए लढवय्यासमोर वेई लेई नावाचे ताई-ची या चिनी युद्धकलेचे गुरू उभे राहिले आणि काही सेकंदांत जमिनीवर होते. मान ही नळ्यांची आणि दाबाची गोष्ट आहे. त्यात गूढ काहीही नाही.

तर हिशोब सोपा वाटतो. दोन्ही धमन्या दहा सेकंद दाबून ठेवा, लढत संपली. अडचण अशी की त्या दहा सेकंदांत आणखी एका ठिकाणचं रक्त थांबलेलं असतं, ते म्हणजे दाबणाऱ्याच्या स्वतःच्या हातातलं.

स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या आतला दाब वाढतो आणि त्याच्यातूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. पळताना स्नायू आकसतो, सुटतो, आकसतो, सुटतो, म्हणून रक्त येत-जात राहतं. पकड मात्र सलग असते. हाताचा जोर कमाल ताकदीच्या साधारण दोनतृतीयांशाच्या आसपास गेला, की आत येणारं रक्त जवळपास बंद होतं. मग स्नायूला आपल्या शिल्लकीवर जगावं लागतं. आधी क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतला तातडीचा ऊर्जासाठा जळतो, तो काही सेकंदांत ओसरतो. त्यानंतर ऑक्सिजनशिवाय साखर फोडायला सुरुवात होते. क्रिएटिन फॉस्फेट फुटून सुटलेले फॉस्फेटचे कण मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांच्या पकडीत अडथळा आणतात, स्नायूपेशीतल्या कॅल्शियमचं सुटणं मंदावतं, हायड्रोजन आयन साचतात. (‘लॅक्टिक ॲसिड साचून हात भरून येतात’ हे शाळेत शिकवलेलं वाक्य विसरून जा. लॅक्टेट हे इंधन आहे, हृदयसुद्धा ते आवडीने जाळतं.) १९६० मध्ये जर्मनीच्या वॉल्टर रोमर्ट यांनी हे मोजून आलेख काढला. पूर्ण ताकद माणूस काही सेकंदच टिकवू शकतो, अर्धी ताकद सुमारे एक मिनिट.

म्हणजे गिलोटिन ही दोन रक्तप्रवाहांमधली शर्यत आहे. समोरच्याचा मेंदू आधी उपाशी पडतो की आपला हात? हात मानेवर अगदी अचूक बसला असेल तर कमी जोर पुरतो आणि मेंदू हरतो. हात दोन इंच चुकला की कसर ताकदीने भरून काढावी लागते, आणि मग हात हरतो. घामाने मान निसरडी झालेली, हातात जाड ग्लव्हज, त्यामुळे चुकायला वावही भरपूर.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो. हात हरायला लागला तर पकडणाऱ्याला कळायला नको का? कळत नाही. उलटंच कळतं.

पाण्याची भरलेली बादली घेऊन तीन मजले चढा. तिसऱ्या मजल्यावर बादली पहिल्यापेक्षा जड लागते. पाणी तेवढंच आहे, कदाचित थोडं सांडून कमीच झालंय. मग जड काय झालं? आपण वजन मोजतो ते बऱ्याच अंशी मेंदूने स्नायूला किती जोराचा हुकूम सोडला यावरून. हुकूम खाली जाताना त्याची एक प्रत मेंदू स्वतःकडे ठेवतो, आणि ‘किती जोर लागतोय’ ही जाणीव मुख्यतः त्या प्रतीतून येते. स्नायू थकला की तेवढंच काम करून घ्यायला मोठा हुकूम सोडावा लागतो, प्रतही मोठी होते, आणि बादली जड भासते. ऑस्ट्रेलियाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ इयान मॅकलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे फार सुंदर पद्धतीने मांडलं. एका हाताने ठरावीक वजन धरून ठेवायचं आणि दुसऱ्या, ताज्या हाताने ‘तेवढंच वाटेल’ असं वजन निवडायचं. पहिला हात थकत गेला तसतसं दुसऱ्या हाताने निवडलेलं वजन वाढत गेलं. पहिल्या हातातलं वजन तसूभरही बदललं नव्हतं. कंडरांमध्ये ताण मोजणारे संवेदक असतात, पण थकव्याच्या वेळी त्यांचा आवाज या हुकमाच्या प्रतीपुढे फिका पडतो.

हेच आता गिलोटिनला लावून पाहा. पंधराव्या सेकंदाला हाताची ताकद उतरलेली आहे, मानेवरचा दाब कमी झालेला आहे. पण मेंदू जीव तोडून हुकूम सोडतोय, आणि त्याची प्रत सांगते की एवढा जोर आपण आजवर लावला नव्हता. पकड सुटत चाललेली असते आणि धरणाऱ्याला ती सर्वांत घट्ट वाटते. अशा क्षणी सोडून द्यायची बुद्धी कशी होणार? ‘आणखी दोन सेकंद’ हा हट्ट नाही, तो इंद्रियाचा निरोप आहे.

त्यात आणखी एक फसवी खूण मिसळते, आवाज. समोरचा घरघरतोय, खाकरतोय, म्हणजे आता टॅप करणार, हाताने थोपटून हार मानणार असं वाटतं. प्रत्यक्षात घरघर म्हणजे दाब श्वासनलिकेवर आहे, मधोमध, धमन्यांवर नाही. बरोबर बसलेला चोक बहुधा निःशब्द असतो.

हात न सोडण्याची शिक्षाही या खेळात आहे. गिलोटिनमध्ये सापडलेला माणूस, त्याचं डोकं ज्या बगलेत अडकलंय तिच्या विरुद्ध बाजूला सरकला की दाब निघून जातो. तिथून त्याने आपला खांदा धरणाऱ्याच्या गळ्यावर रोवला, तर धरणाराच चोक होतो, कारण स्वतःच्याच पकडीमुळे त्याला मान काढून घेता येत नाही. जेसन व्हॉन फ्लू या लढवय्याच्या नावाने हा डाव ओळखला जातो. २०१७ मध्ये जपानमध्ये ओव्हिन्स सेंट प्रूने युशिन ओकामीला असंच संपवलं. ओकामीने मान सोडली असती तर तो त्या क्षणी मोकळा होता.

सगळीच गिलोटिनं चुकीची असं मात्र मी म्हणणार नाही. ७ सप्टेंबर २०१९ ला अबुधाबीत हाच पॉरिए खबीब नुरमगोमेदॉव्हच्या विरुद्ध तिसऱ्या राउंडमध्ये मानेला लटकला होता. तेव्हा तो हरत होता आणि खबीब त्याला खाली नेणारच होता. जे जाणारच आहे ते पणाला लावायला काही लागत नाही. मान निसटली, थोड्याच वेळात खबीबने मागून गळा धरून लढत जिंकली, पण पॉरिएचा तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो. मायामीत त्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच होतं, ते म्हणजे उभं राहणं.

त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांना हे दिसत होतं. बाहेरच्या माणसाला धरणाऱ्याचा जोर जाणवत नाही, म्हणून त्याला खरं दिसतं: कोपर किती उघडलंय, समोरच्याची कंबर कुठल्या बाजूला सरकलीय, त्याचा खांदा कुठे आलाय. विश्रांतीच्या मिनिटात त्यांनी पॉरिएला गिलोटिन थांबवायला सांगितलं. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने तरीही मान धरली, पुन्हा खाली गेला, कसाबसा उठला. मग दोघं उभे असताना पॉरिएचा उजवा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला आणि २ मिनिटं ३२ सेकंदांवर त्याने लढत जिंकली.