डॉक्टरांचा तुटवडा मोजायचा कशाने? अंदाजांमागची पार्श्वभूमी

पुढे किती डॉक्टर लागतील याचे अंदाज आधी देश आपापल्यापुरते बांधत, आणि ते वारंवार चुकले. ब्रिटनमध्ये १९५७ साली एका समितीने डॉक्टर जास्त होतील म्हणून वैद्यकीय प्रवेश सुमारे दहा टक्क्यांनी घटवायला सांगितले. काही वर्षांतच तिथल्या रुग्णालयांना भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांचा आधार घ्यावा लागला. अमेरिकेत १९८० साली वर्तवलेले भाकीत असे, की २००० पर्यंत १ लाख ४५ हजार डॉक्टर जास्तीचे होतील. २००६ मध्ये तिथलीच वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना प्रवेश ३० टक्क्यांनी वाढवा म्हणत होती.

साऱ्या जगाला लावलेली आणि सर्वाधिक गाजलेली मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेची, २००६ ची: दर हजार लोकांमागे २.२८ आरोग्य कर्मचारी. ती आली कुठून, हे नीट पाहायला हवे. किमान ८० टक्के बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी व्हायची तर किती मनुष्यबळ लागते, हे देशोदेशीच्या आकडेवारीवरून काढले गेले. त्यात डॉक्टर, नर्स आणि प्रसूतिसेविका एकत्र मोजल्या होत्या. मधुमेह, कॅन्सर, अपघात, म्हातारपणाची दुखणी यांचा हिशेब त्यात नव्हता. या पट्टीने ५७ देशांत मिळून २४ लाख माणसे कमी पडत होती, आणि त्या ५७ मध्ये भारतही होता. माता-बालआरोग्यासाठी काढलेला किमान आकडा पुढे 'पुरेसे' या अर्थाने वापरला गेला, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत नुकसानकारक वळण वाटते.

त्याचा परिणाम २००८ च्या एका अभ्यासात स्पष्ट दिसतो. २०१५ साठी डॉक्टरांचा अंदाज दोन प्रकारे बांधला होता. देशांची खर्च करायची ऐपत धरली, तर जगात पुरवठा आणि मागणी जवळपास जुळत होती. किमान गरज धरली, तर डॉक्टर चक्क जास्त भरत होते! आफ्रिकेतल्या अनेक देशांत मात्र दोन्ही हिशेबांनी तुटवडाच होता. जगाची सरासरी त्यांच्या काय कामाची?

२०१६ मध्ये बारा निकष धरून पट्टी ४.४५ वर नेली आणि २०३० साठी १ कोटी ८० लाख आरोग्य कर्मचाऱ्यांची तूट सांगितली गेली. २०२२ मध्ये तो अंदाज १ कोटीवर आला.

आपल्याकडे चर्चा फिरते ती हजारी एक डॉक्टर या प्रमाणाभोवती. सरकारने संसदेत ८३४ लोकांमागे एक असे उत्तर दिले, तेव्हा नोंदणीकृत १३ लाख ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध असल्याचे गृहीत धरले होते आणि आयुषचे (आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी वगैरेंचे) ५ लाख ६५ हजार त्यात मिळवले होते. आयुष वगळले, तर तोच आकडा तेराशेच्या घरात जातो. नोंदवहीतला डॉक्टर परदेशी गेला असेल, वारला असेल किंवा दोन राज्यांत नोंदला गेला असेल. ८० टक्क्यांची कात्री त्यासाठीच, पण ती मोजून लावलेली नाही.

२०२३ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे एमबीबीएसच्या १०० जागांची मर्यादा आली, तेव्हा आधीच जागा जास्त असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांची वाढच अडणार होती. त्यांनी विरोध केला आणि अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली.