ड्यूटी शून्य झाली, मग माल कधी येणार? : आयात ताजी फळे-भाजी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दोन देशांत व्यापार करार झाल्याची बातमी आली की तुमच्यापैकी अनेकांचे फोन येतात. ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, गेली, मग तिकडचे फळ कधी येणार आणि भाव किती उतरणार? प्रश्न रास्त आहे. पण ताज्या मालाच्या बाबतीत ड्यूटी उठली म्हणजे वाट मोकळी झाली असे होत नाही. ऑर्डर देण्याआधी हे तुम्हाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्रक.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचेच पाहा. त्यांचा मुक्त व्यापार करार १९८३ मध्ये लागू झाला आणि १९९० पर्यंत एकमेकांच्या मालावरची ड्यूटी उठलीसुद्धा. तरी न्यूझीलंडचे सफरचंद ऑस्ट्रेलियात जाऊ शकत नव्हते. फायर ब्लाइट नावाचा एक जिवाणूजन्य रोग आहे. त्यात झाडाचे शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात. तो आपल्या बागांत शिरू नये म्हणून ऑस्ट्रेलियाने १९२१ पासून बंदी घातली होती. न्यूझीलंड २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे गेले, २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये सफरचंदे पोहोचली. ड्यूटी संपल्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी.

असे का होते? १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारानुसार माणसे, जनावरे आणि पिके यांच्या आरोग्यासाठी आयातीवर अटी घालण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. मात्र त्या अटींना शास्त्रीय आधार लागतो, धोका किती आहे याचा अभ्यास लागतो. आम्हाला हा हक्क जाचक वाटत नाही. एक कीड बागांत शिरली तर शेतकऱ्याची वर्षे जातात, आणि त्याच शेतकऱ्याच्या मालावर आमचा धंदा उभा आहे.

परवानगी मिळते तीही बहुधा तुकड्यातुकड्याने. मेक्सिकोच्या हास वाणाच्या अवोकाडोला अमेरिकेत १९१४ पासून बंदी होती. १९९४ मध्ये नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, आला तरी ती उठली नाही. १९९७ मध्ये फक्त मिचोआकान राज्यातल्या मान्यताप्राप्त बागांचा माल, फक्त थंडीच्या महिन्यांत आणि फक्त ईशान्येकडच्या काही राज्यांत जाऊ लागला, कारण तिथल्या थंडीत कीड तग धरण्याची शक्यता कमी. सर्व राज्ये खुली व्हायला २००७ उजाडले. म्हणून आम्हाला नुसते ‘करार झालाय का?’ असे विचारू नका. ‘हे फळ, या भागातून, या महिन्यात चालते का?’ असे विचारा. त्याचे नेमके उत्तर देता येते.

परवानगी असली तरी प्रत्येक कन्साइनमेंटसोबत फायटो, म्हणजे निर्यातदार देशाच्या वनस्पती संरक्षण खात्याचे प्रमाणपत्र, लागते. फळमाशीचा धोका असेल तर अनेकदा कोल्ड ट्रीटमेंटही: रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये ठरलेल्या तापमानाला, ठरलेले दिवस, खंड न पडता. मधे तापमान चढले, तर ट्रीटमेंट अपुरी धरली जाऊ शकते आणि फळ दिसायला उत्तम असूनही अडकते. अशा वेळी आम्ही तुम्हाला उशीर कळवतो, तेव्हा तो माल दाबून ठेवण्याचा प्रकार नसतो, एवढा विश्वास ठेवा.

सवलतीची ड्यूटी मिळवण्यासाठी मूळ देशाचा दाखला लागतो. ताज्या फळाचा नियम सोपा आहे: जिथे पिकले आणि तोडले, तो त्याचा देश. दुसऱ्या देशात नुसते धुऊन, प्रतवारी करून नवे खोके चढवले म्हणून मूळ देश बदलत नाही. वाटेत तिसऱ्या बंदरात कंटेनर बदलला, तर माल तिथल्या कस्टम्सच्या देखरेखीखालीच होता याचा पुरावा द्यावा लागू शकतो. तो नसेल तर सवलत जाते आणि पूर्ण ड्यूटी बसते. स्वस्त जहाजभाड्यासाठी लांबचा फेरा घेण्याचा आग्रह आम्ही मोडून काढतो तो यामुळे.

सवलत वर्षभर असतेच असेही नाही. चिली आणि दक्षिण कोरियाच्या २००४ च्या करारात द्राक्षांवरची सवलत नोव्हेंबर ते एप्रिलपुरती ठेवली गेली, म्हणजे कोरियातल्या बागांच्या हंगामात बाहेरचा माल स्वस्तात येऊ नये. काही करारांत कोटा असतो. तो भरला की पुढच्या मालाला जास्त ड्यूटी. त्यामुळे एकाच फळाचा आमचा भाव दोन महिन्यांत वेगळा दिसू शकतो.

आणि व्यवस्था मोडतातही. मेक्सिकोच्या टोमॅटोवर अमेरिकेची अँटी-डम्पिंग चौकशी, म्हणजे माल अवाजवी कमी भावाने विकला जातो का याची चौकशी, सुरू झाली, तेव्हा किमान भाव पाळण्याच्या अटीवर १९९६ मध्ये ती स्थगित झाली. हा समझोता नव्याने होत होत चालत राहिला, पण १४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेने तो संपवला आणि बहुतेक मालावर १७.०९ टक्के ड्यूटी लागू केली. असा बदल झाला, तर जुन्या भावाने माल देणे आम्हाला शक्य होणार नाही. नवा भाव माल निघण्यापूर्वी लेखी कळवू आणि तुम्हाला ऑर्डर मागे घेता येईल.

ऑर्डर देताना फळाचे वाण, चालेल असा पर्यायी देश आणि माल हवा असलेला आठवडा लिहून द्या. दाखला आणि फायटो यांच्या प्रती मागितल्यात तर मालासोबत देऊ.