तणनाशकाचा मातीतला उगम

पहिली वळवाची सर पडल्यावर नाशिकच्या रानात जो मातीचा वास सुटतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो. याच जिवाणूंपासून १९४३ मध्ये क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि नव्या प्रतिजैविकांच्या आशेने जगभरची माती तपासली जाऊ लागली. तण मारणारे द्रव्य हाती आले ते या शोधाच्या ओघातच.

१९७२ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी असा एक पदार्थ वेगळा केला. पाठोपाठ जपानमध्येही तो याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूत सापडला आणि पुढे ‘बियालाफॉस’ या नावाने ओळखला गेला. फॉस्फिनोथ्रिसिन या मूळ विषारी रेणूला ॲलानिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून तो बनलेला असतो. वनस्पतीत हे ॲलानिन सुटून पडतात आणि मोकळे झालेले फॉस्फिनोथ्रिसिन अमोनियाचे ग्लुटामाइन बनवणारे ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडते. त्यामुळे पेशींत अमोनिया साठतो, प्रकाशसंश्लेषण ढासळते आणि ऊन चांगले असेल तर काही दिवसांतच पान पिवळे पडून करपते. हे द्रव्य मुळांपर्यंत मात्र फारसे उतरत नाही, म्हणून वरून जळालेला लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो.

जपानमध्ये बियालाफॉस जिवाणूंकडूनच किण्वनाने बनवून विकले गेले. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने मात्र फॉस्फिनोथ्रिसिन रासायनिक पद्धतीने तयार केले. तेच आजचे ग्लुफोसिनेट अमोनियम. जिवाणू या रेणूचे फक्त एल रूप घडवतो, तर नेहमीच्या रासायनिक निर्मितीत एल आणि डी अशी, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी, दोन्ही रूपे निम्मी-निम्मी येतात व त्यांतले एल तेवढेच तण मारते. अशा औषधाला निव्वळ उगमाच्या आधारावर ‘जैविक’ म्हणणे ओढूनताणूनच होईल.

बटाट्यावर खवड्या रोग आणणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसच्या थॅक्स्टोमिन या विषाचाही तणनाशक म्हणून विचार झाला. ते वाढत्या पेशींत सेल्युलोज बनू देत नाही.

ग्लुफोसिनेट पीक आणि तण असा भेद करत नाही. निफाडच्या कांद्यावर ते पडले, तर खुरपणीसोबत कांद्याचीही चिंता मिटेल. स्वतःच्याच विषापासून बचावण्यासाठी जिवाणूकडे ‘बार’ नावाचे जनुक असते, ते १९८७ मध्ये वेगळे करून, हे तणनाशक सोसता यावे म्हणून वनस्पतींत घालण्यात आले. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या मोहरीच्या संकरित वाणातही ते आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या वाणाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. परंतु जुलै २०२४ मध्ये त्या मंजुरीच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही.