गिलोटिनखाली फक्त सरदार-उमराव गेले का?

फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या प्रेमकथा वाचणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: गिलोटिनवर, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या यंत्रावर, चढवले गेले ते जवळजवळ सगळे उमराव. असं वाटणं साहजिकच आहे. या कथांची नायिका बहुधा एखाद्या हवेलीतली असते आणि नायक तिला सीमेपार नेतो.

नोंदी वेगळं सांगतात. १७९३-९४ च्या दहशतपर्वात, म्हणजे क्रांतिकारी सरकारने विरोधकांना चिरडलं त्या काळात, न्यायालयांनी दिलेल्या देहदंडांची संख्या साधारण १६,६०० भरते. त्यांत उमराव सुमारे ८ टक्के, धर्मगुरू ६-७ टक्के. उरलेले बहुतेक शेतकरी, कारागीर, मजूर, दुकानदार, वकील. कारण नकाशा पाहिला की कळतं. सर्वाधिक शिक्षा पश्चिमेकडच्या वांदे भागात आणि ल्योंसारख्या बंडखोर शहरांत झाल्या, म्हणजे यादवी युद्ध पेटलं होतं तिथे. पॅरिसच्या वाट्याला अडीच हजारांहून थोड्या जास्त.

तरी समजात एक खरा धागा आहे, तो सोडू नये. उमराव लोकसंख्येच्या एक-दीड टक्क्याच्या आसपासच होते, त्यामुळे त्यांच्यातल्या प्रत्येकाला धोका इतरांहून जास्त होता. पॅरिसमध्ये, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, त्यांचं प्रमाणही वाढलं.

पडताळायचं असेल तर त्या काळी छापलेल्या, देहदंड झालेल्यांच्या याद्या पाहा. नावापुढे व्यवसाय दिलेला असतो. कुठलंही एक पान घ्या आणि मोजा: शिवणकाम करणारी, गाडीवान, मोलकरीण. मला तर त्या ओळींतच न लिहिलेल्या कितीतरी प्रेमकथा दिसतात.