'ह'च्या पोटातला 'घ'

लोहार घण हाणतो आणि लोखंडावर घाव बसतो. एवढ्याशा वाक्यातले घण, हाणणे आणि घाव हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. धातू म्हणजे इथे अर्थातच लोखंड नव्हे, तर क्रियापदाचं मूळ: हन्, मारणे. हत्या, घात, आघात ही त्याची उघड ओळखू येणारी मंडळी. पण विघ्न, कृतघ्न, शत्रुघ्न, गणितातला घन आणि क्रिकेटचा संघ हेही त्याच घरातले. संघाचं नातं ऐकून अनेकजण चमकतात. पाणिनीने मात्र त्यासाठी खास सूत्र लिहिलं आहे: 'संघोद्घौ गणप्रशंसयोः'. सम् लागलेला हन् म्हणजे एकत्र आपटणे, एकमेकांना भिडणे, आणि मग तसा भिडून जमलेला समूह. घन हाही तसाच, ठोकून ठोकून घट्ट झालेला.

अर्थाचं ठीक आहे. पण धातूत ह असताना घन, विघ्न, घातमध्ये घ कुठून आला?

पाणिनीचं उत्तर एका सूत्रात आहे, 'हो हन्तेर्ञ्णिन्नेषु'. सोपं करून सांगायचं तर, हन्‌पुढे ञ् किंवा ण् ही खूण असलेला प्रत्यय आला किंवा ह्‌ला लागूनच न् आला, तर ह्‌चा घ् करायचा. घातमधला प्रत्यय घञ् आहे, त्याला ञ्‌ची खूण आहे. 'हन्ति' म्हणजे तो मारतो. 'ते मारतात' म्हणताना मधला अ गळतो, ह् आणि न् एकमेकांना चिकटतात आणि रूप होतं 'घ्नन्ति'. विघ्नात हेच घडलं आहे. नियम चोख आहे; घन, संघ अशा काही रूपांसाठी मात्र पाणिनीला वेगळी सूत्रं द्यावी लागली.

फक्त तो इतिहास सांगत नाही, आणि पाणिनीला तो सांगायचाही नव्हता. धातू ही व्याकरणकारांनी शब्दांमधून काढून घेतलेली गोष्ट आहे. नुसतं 'हन्' असं कुणी कधी बोललं नाही. लोक हन्ति, घ्नन्ति, जघान असं बोलत होते. या सगळ्यांना कमीत कमी नियमांत बांधायचं तर एक रूप पायाला घ्यावं लागतं, आणि पाणिनीने ह घेतला. धातुपाठात, म्हणजे व्याकरणकारांच्या धातूंच्या यादीत, असे सुमारे 2000 धातू दहा गणांत लावलेले आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा प्रत्यक्ष वाङ्मयात पत्ता लागत नाही, ही तक्रार पाश्चात्त्य अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकापासून केली आहे. तक्रार खरी आहे. पण म्हणून धातुपाठ काल्पनिक ठरवणं मला घाईचं वाटतं. लिहून न उरलेली बोली तेव्हा किती होती, याचा हिशेब वाङ्मयावरून लागत नाही.

इतिहास उलट दिशेने घडला. आधी घ होता, ह मागून आला. भारत-युरोपीय भाषांच्या तुलनेतून या धातूचं जे जुनं रूप उभं राहतं, त्याच्या सुरुवातीला ओठ गोल करून म्हटलेला घ आहे, साधारण 'घ्वेन्' असा. इराण आणि भारताकडे आलेल्या शाखेत या घ्‌पुढे ए किंवा इ असेल तर तो टाळूकडे सरकला, झ्‌सारखा झाला आणि संस्कृतात शेवटी नुसता ह उरला. पुढे न् किंवा ओ असेल तर घ जागचा हलला नाही. म्हणून 'घ्वेन्ति'चं हन्ति झालं, घ्नन्तिमध्ये मात्र घ टिकला. हत, हत्यामध्ये कधीच ए नव्हता. तिथला ह हन्तिच्या देखादेखी आला असं मानतात. भाषेत अशी देखादेखी फार चालते.

हे सगळं कागदावर जुळवलेलं वाटेल. म्हणून हित्ती भाषेकडे पाहायचं. आजच्या तुर्कस्तानात बोआझकॉय इथे सापडलेल्या, कीलाक्षरांत लिहिलेल्या मातीच्या पाट्यांची ही भाषा भारत-युरोपीय कुळातली आहे, हे 1915 मध्ये बेद्रिक ह्रोझनी या चेक अभ्यासकाने दाखवून दिलं. त्या पाट्यांवर 'तो मारतो'साठी आहे 'कुएन्त्सि' आणि 'ते मारतात'साठी 'कुनन्त्सि'. एकवचनात ए आहे, अनेकवचनात तो गळलेला आहे. हन्ति आणि घ्नन्तिचा सांगाडा जसाच्या तसा, संस्कृतपासून हजारो किलोमीटरवर, तीन हजारांहून अधिक वर्षं जमिनीखाली पुरलेला.

या धातूचं मला सर्वांत आवडणारं रूप म्हणजे जघान, 'त्याने मारलं'. परोक्ष भूतकाळात धातूची सुरुवात दोनदा म्हणतात: कृ‌चं चकार, गम्‌चं जगाम. पहिल्या अक्षरात क-वर्गाचा च-वर्ग का होतो? पाणिनी 'कुहोश्चुः' म्हणून मोकळा होतो. कारण असं की द्विरुक्तीच्या त्या पहिल्या अक्षरात पूर्वी ए होता आणि दुसऱ्यात ओ. ए‌ने आपल्या आधीच्या क्‌ला च् आणि घ्‌ला ज् केलं, ओ‌ने काहीच केलं नाही. पुढे ए आणि ओ दोघांचाही अ झाला, म्हणजे गुन्हेगार पसार आणि खुणा तेवढ्या मागे. जघानमध्ये एकच व्यंजन शेजारी शेजारी दोन वेषांत उभं आहे. 1870च्या दशकाच्या अखेरीस अनेक अभ्यासकांना हे जवळपास एकाच वेळी उमगलं. तोवर संस्कृतातला अ हाच मूळ स्वर आणि ग्रीक-लॅटिनमधले ए, ओ ही त्याची बिघडलेली रूपं, असं समजत. ते उलटं निघालं. व्यंजनांच्या बाबतीत संस्कृतने पुष्कळ जुनं राखलं, स्वरांच्या बाबतीत ग्रीकने. संस्कृत ही युरोपीय भाषांची आई नाही, बहीण आहे, याचा हा एक भक्कम पुरावा.

ह्‌च्या आड एकटा घ दडलेला नाही. दह्‌चं दग्ध, दुह्‌चं दुग्ध; पण वह्‌चं ऊढ (नवोढा, प्रौढ यांतला) आणि लिह्‌चं लीढ. नह् म्हणजे बांधणे, त्याचं तिसरंच, नद्ध. सन्नद्ध त्यातलाच, आणि पायांतली वहाणही, कारण ती 'उपानह्'पासून आली. पाणिनीने इथे वरवर पाहता विचित्र अट घातली आहे: धातू द्‌ने सुरू होत असेल तर ह्‌चा घ्, एरवी ढ्. द्‌चा याच्याशी काय संबंध? खरा फरक मूळ व्यंजनांत होता. दुह्‌चा ह जुन्या घ्‌चा, वह्‌चा ह एका वेगळ्या, टाळूजवळच्या घ्‌चा. इराणच्या अवेस्तन भाषेत ते अजून वेगळे ओळखू येतात. तिथे हन्‌ला 'जन्' आणि वह्‌ला 'वझ्' म्हणतात. संस्कृतात दोन्ही ह झाले आणि धातूंची सरमिसळ सुरू झाली. द्रुह्, मुह्, स्निह् यांना तर पाणिनीने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. म्हणून मुह्‌ची मुग्ध आणि मूढ अशी दोन रूपं मराठीपर्यंत आली. ऋग्वेदातला मुग्ध हा गोंधळलेलाच आहे. पुढे वाटणी होऊन भाबडेपणा आणि मोहिनी मुग्धकडे गेली, मूर्खपणा मूढकडे.

धा, म्हणजे ठेवणे, या धातूतही हेच: विधान, विधी, पण विहित. ध्‌चा ह. वेदांत याचं 'धित' हे रूपही सापडतं, आपल्याकडे हित तेवढं उरलं. महाप्राण व्यंजनांचं असं ह होत जाणं संस्कृतात तुरळक होतं, प्राकृतात तो रिवाजच झाला. दधिचं दही आणि बधिरचं बहिरा त्याच वाटेने झालं.